१२६ कोटी खर्च झाले, कचराही जळाला. भोपाळची माती मात्र तिथेच

पर्यावरणाच्या नावावर पैसा जातो, पण जमिनीवर काय बदलतं? तापीच्या दोन्ही काठांनी हा हिशेब आत्ताच शिकून घ्यायला हवा

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात चार दशकं पडून असलेला विषारी कचरा अखेर संपला. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरच्या भट्टीत २९ आणि ३० जून २०२५ च्या मधल्या रात्री त्याची शेवटची खेप जळाली. एकूण ३३७ टन. यासाठी केंद्र सरकारनं मध्य प्रदेशला १२६ कोटी रुपये दिले होते. काम झालं, पैसा लागला, फाइल बंद होण्याच्या वाटेला लागली. कागदावर पाहिलं तर सरकारी पर्यावरण खर्चाचं यापेक्षा नीटनेटकं उदाहरण सापडणार नाही.

पण भोपाळच्या जुन्या शहरात, कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या वस्त्यांमध्ये विचारलं तर उत्तर वेगळं येतं. तिथली माती तीच आहे आणि जमिनीखालचं पाणीही तेच आहे. मग १२६ कोटींनी नेमकं काय साफ झालं?

हा प्रश्न फक्त भोपाळवाल्यांचा नाही. १० मे २०२५ रोजी याच भोपाळमध्ये मुख्यमंत्री मोहन यादव आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तापी खोरे महापुनर्भरण प्रकल्पाच्या करारावर सह्या केल्या. बुऱ्हाणपूर, खंडवा, जळगाव, बुलढाणा, अकोला, अमरावती या सीमेच्या दोन्ही बाजूंच्या जिल्ह्यांसाठी हा करार आहे आणि त्याचा खर्च सुमारे १९ हजार कोटींच्या घरात सांगितला जातो. एवढा पैसा आपल्या दारात येणार असेल, तर सरकारचा पर्यावरणावरचा पैसा कसा मोजला जातो आणि तो मोजताना कुठे फसगत होते, हे समजून घेणं भाग आहे. त्यासाठी भोपाळसारखा धडा नाही.

गोदामापासून भट्टीपर्यंत वीस वर्षं

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसं गेली. ती कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. कारखाना बंद पडल्यावर आवारात जे राहिलं, त्याची कहाणी मात्र वेगळी आहे. अर्धवट तयार झालेली कीटकनाशकं, सेव्हिन आणि नॅप्थॉलचे अवशेष, रिॲक्टरमधला गाळ आणि या सगळ्यानं बाधित झालेली माती तिथेच होती. हा प्रश्न २००४ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयात गेला. २००५ मध्ये आवारात विखुरलेला कचरा गोळा करून गोदामात ठेवला गेला. तेव्हा त्याचं वजन साडेतीनशे टनांच्या आसपास होतं.

पुढे सुरू झाला तो 'आमच्याकडे नको'चा खेळ. गुजरातनं अंकलेश्वरला कचरा जाळायला आधी होकार दिला आणि लोकांचा विरोध वाढल्यावर २००७ मध्ये अंग काढून घेतलं. २००८ मध्ये चुन्याचा गाळ असलेला सुमारे ४० टन कचरा पीथमपूरला नेऊन पुरण्यात आला. २०११ मध्ये नागपूरजवळच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचं नाव पुढे आलं. तेव्हा विदर्भात मोठा गदारोळ झाला, महाराष्ट्र सरकारनंही विरोध केला आणि तो बेत बारगळला. २०१२ मध्ये जर्मनीची जीआयझेड ही सरकारी संस्था हा कचरा विमानानं नेऊन तिकडे जाळायला तयार होती. खर्च सुमारे २५ कोटी रुपये. केंद्रानं मान्यताही दिली होती, पण जर्मनीतही विरोध झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीआयझेडनं माघार घेतली.

ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं पीथमपूरला १० टनांची चाचणी झाली. त्यानंतर पुन्हा शांतता. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं १२६ कोटी राज्याकडे वर्ग केले, तरी गोदामाचं कुलूप उघडेना. शेवटी ३ डिसेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयानं सरकारला फैलावर घेत चार आठवड्यांची मुदत दिली. मग मात्र चक्रं फिरली. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनर कडक बंदोबस्तात सुमारे २५० किलोमीटर अंतर कापायला निघाले आणि दुसऱ्या दिवशी पीथमपूरला पोचले. ३ जानेवारीला पीथमपूरमध्ये बंद पुकारला गेला, दोघांनी अंगावर ज्वालाग्राही द्रव ओतून पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. फेब्रुवारीच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती नाकारली. त्यानंतर १०-१० टनांच्या तीन चाचण्या झाल्या आणि मे-जूनमध्ये उरलेला ३०७ टन कचरा जाळला गेला.

किलोमागे ३,७०० रुपये

आता साधं गणित मांडू. १२६ कोटी भागिले ३३७ टन, म्हणजे टनामागे सुमारे ३७ लाख ४० हजार रुपये. किलोमागे ३,७०० रुपयांच्या वर. २०१२ च्या जर्मन प्रस्तावात हाच दर टनामागे सव्वासात लाखांच्या आसपास बसत होता.

दोन्ही आकडे शेजारी ठेवून 'एवढा घोटाळा' असं ओरडणं सोपं आहे, पण ते बरोबर ठरणार नाही. मधे बारा वर्षं गेली, महागाई वाढली, दोन्ही कामांच्या अटी वेगळ्या होत्या. विषारी कचरा ठरावीक तापमानाला, धुराची सतत तपासणी करत, ताशी २७० किलोपेक्षा जास्त न टाकता जाळावा लागतो. असं काम स्वस्तात होत नाही. धुरातले घटक मर्यादेतच राहिले, असं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं म्हणणं आहे. आंदोलकांना ते पटत नाही.

तरीही या गणितातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. निर्णय लांबवण्याचीही किंमत असते आणि ती कुठल्याच अर्थसंकल्पात छापली जात नाही. वीस वर्षांची गोदामाची राखण, न्यायालयीन लढाया, दरवाढ आणि त्या काळात पावसाबरोबर जमिनीत मुरलेलं विष, यातलं काहीच १२६ कोटींच्या बिलात दिसत नाही.

दुसरी गोष्ट राखेची. भट्टीतून ३३७ टनांची राख कमी निघायला हवी, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात राख आणि अवशेष मिळून साडेआठशे टनांहून अधिक माल तयार झाला, कारण जाळताना चुना आणि इतर रसायनं मिसळावी लागतात. म्हणजे वजनात पाहिलं तर कचरा अडीचपट झाला. तो सुरक्षित करून कुठे आणि कसा पुरायचा, हा प्रश्न पुन्हा न्यायालयाच्या दारात गेला. खर्चाच्या नोंदीत '३३७ टनांची विल्हेवाट' पूर्ण झाली आहे. पीथमपूरकरांच्या लेखी ती अजून सुरूच आहे.

बिलात काय नव्हतं?

खरा मुद्दा इथे आहे. गोदामात भरलेला कचरा हा कारखान्यातल्या विषाचा दिसणारा भाग होता. न दिसणारा भाग कितीतरी मोठा आहे. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेनं २०१० च्या अहवालात कारखान्याच्या आवारात सुमारे ११ लाख टन माती बाधित असल्याचा अंदाज दिला होता. ३३७ टन म्हणजे त्याच्या तीन-शतांश टक्का. गोदामातला कचरा जास्त तीव्र होता आणि मातीत विष विरळ पसरलेलं आहे, हे मान्य केलं तरी आकारमानातला हा फरक लपत नाही.

कारखाना चालू असताना सांडपाणी सुकवण्यासाठी उत्तरेला सौर बाष्पीभवनाची तळी बांधली होती. तिथूनही विष झिरपत राहिलं. हातपंपांचं पाणी पिण्यालायक नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच आसपासच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी देण्याचे आदेश दिले. पुढे लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेच्या २०१८ च्या तपासणीत बाधित वस्त्यांची संख्या ४२ पर्यंत पोचली. लोकांना नळाचं पाणी मिळालं, ही दिलाशाची गोष्ट आहे. पण त्यानं भूजल साफ झालं नाही. लोकांना तेवढं त्यापासून दूर नेलं गेलं.

२०१० मध्ये गॅसपीडितांसाठी २७२ कोटी ७५ लाखांचा कृती आराखडा मंजूर झाला होता. ७५ टक्के केंद्र, २५ टक्के राज्य. त्याची वाटणी बोलकी आहे: आर्थिक पुनर्वसनाला १०४ कोटी, सामाजिक पुनर्वसनाला ८५ कोटी २० लाख, वैद्यकीय कामांना ३३ कोटी ५५ लाख आणि पर्यावरणाला ५० कोटी. ११ लाख टन मातीचा अंदाज असलेल्या ठिकाणी ५० कोटी कितपत पुरतील, हे वेगळं सांगायला नको.

आणि हे पैसे देतं कोण? 'प्रदूषण करणाऱ्यानं भरावं' हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी स्वीकारलेलं आहे. केंद्राच्या रसायन मंत्रालयानं २००५ मध्ये उच्च न्यायालयात अर्ज करून, २००१ मध्ये युनियन कार्बाइड ताब्यात घेणाऱ्या डाऊ केमिकलनं सफाईसाठी १०० कोटी आगाऊ जमा करावेत, अशी मागणी केली होती. १९८९ च्या ४७ कोटी डॉलरच्या तडजोडीवर ७,८४४ कोटींची भर मागणारी केंद्राची याचिका सर्वोच्च न्यायालयानं १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. त्यामुळे आजवर या सफाईवर झालेला खर्च मुख्यतः करदात्यांच्या खिशातूनच गेला. खर्चाचा माग काढताना 'किती गेले' याइतकंच 'कुणाचे गेले' हेही विचारावं लागतं, ते यासाठीच.

पैसा शोधायचा कुठे?

एखाद्याला वाटेल, पर्यावरणावरचा खर्च बघायचा तर पर्यावरण खात्याचं पान उघडावं. भोपाळच्या बाबतीत तिथे हाती फारसं काही लागणार नाही. केंद्राच्या अर्थसंकल्पात भोपाळ वायुगळतीची तरतूद रसायन आणि खत मंत्रालयाखाली येते. राज्यात त्यासाठी भोपाळ वायुदुर्घटना मदत व पुनर्वसन असं वेगळं खातं आहे. शहराला पाणी पाजणारा मोठा तलाव हा रामसर यादीतला पाणथळ भाग आहे. १९९५ ते २००४ या काळात जपानच्या कर्जातून त्याच्या संवर्धनावर जवळपास २४७ कोटी रुपये खर्च झाले. त्या तलावात जाणारं सांडपाणी रोखण्याचं काम मात्र नगरविकासाच्या योजनांमधून चालतं. झाडं वनखात्याकडे, हवा महापालिकेकडे, सौरपंप ऊर्जा खात्याकडे. एकाच शहराच्या पर्यावरणाचा पैसा अर्धा डझन पुस्तकांत विखुरलेला असतो.

त्यात पुन्हा आकड्यांचे रकाने. अर्थसंकल्प मांडला जातो तेव्हा छापून येतो तो अंदाज. वर्षभरात त्यात काटछाट होऊन येतो तो सुधारित अंदाज. प्रत्यक्ष खर्चाचा आकडा दोन वर्षांनंतरच्या पुस्तकात दिसतो. म्हणजे २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात. तोवर घोषणेच्या बातमीचा कागद भेळ बांधायला गेलेला असतो. बहुतेक नेतेमंडळींच्या भाषणात पहिला रकाना असतो, तिसऱ्याबद्दल कुणी बोलत नाही.

त्याहून गंमत 'खर्च' या शब्दाची. वरच्या सरकारनं खालच्या सरकारला किंवा एखाद्या यंत्रणेला पैसे दिले की वरच्या वहीत ते खर्ची पडतात. १२६ कोटी मार्च २०२४ मध्ये राज्याकडे आले, म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षात. कचऱ्याची पहिली गोणी हलली ती जानेवारी २०२५ मध्ये. केंद्राच्या हिशेबानं पैसा गेला होता, भोपाळमध्ये दहा महिने एक कणही हलला नव्हता. मधल्या काळात असा पैसा कुठल्या खात्यात पडून होता, उपयोगिता प्रमाणपत्र कधी दिलं गेलं, त्यात काय लिहिलं, हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारायची साधनं आहेत: माहितीचा अधिकार, विधानसभेतला तारांकित प्रश्न, महालेखापरीक्षकांचा अहवाल आणि त्यावर बसणारी लोकलेखा समिती. ती वापरणारे हात कमी आहेत.

रस्ते झाडून हवा शुद्ध?

भोपाळच्या कचऱ्यात जे झालं, तेच हवेच्या बाबतीत घडताना दिसतं. २०१९ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. भोपाळ, इंदूर, उज्जैन त्यात आहेत, तशीच जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर ही शहरंही आहेत. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं जुलै २०२४ मध्ये या पैशांचा हिशेब मांडला. खर्च झालेल्या रकमेपैकी ६४ टक्के रस्त्यांवरची धूळ हटवण्यावर गेली होती. वाहनांच्या धुरावर सुमारे साडेबारा टक्के आणि उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्काही नाही, फक्त ०.६१ टक्के.

असं का होतं? कारण कार्यक्रमाचं यश प्रामुख्यानं पीएम १० या जाड कणांवर जोखलं गेलं. रस्ता झाडायचं यंत्र विकत घेणं, पाण्याचे फवारे मारणारी गाडी आणणं, फूटपाथला फरशी बसवणं ही कामं निविदा काढून वर्षाअखेर संपवता येतात आणि फोटोतही चांगली दिसतात. कारखान्याच्या धुराड्याला हात लावायचा तर माणसांशी वैर घ्यावं लागतं. फुप्फुसात खोल जाणारे पीएम २.५ कण जास्त घातक आहेत, पण ते झाडूनं निघत नाहीत. मोजपट्टी जशी ठेवली, तसाच पैसा वाहिला.

भोपाळमध्येही हेच झालं. गोदामातला कचरा टनांत मोजता येत होता, कंटेनरमध्ये भरता येत होता. म्हणून तो गेला. भूजलाला वजनकाटा लावता येत नाही. म्हणून ते राहिलं.

झाडांचा पैसा, कागदावरची जंगलं

तिसरं उदाहरण जंगलाचं. धरण, खाण, महामार्गासाठी वनजमीन दिली की त्या बदल्यात झाडं लावण्यासाठी भरपाई घेतली जाते. हा पैसा वर्षानुवर्षं दिल्लीत अडकून पडला होता. २०१६ चा भरपाई वनीकरण निधी कायदा आणि २०१८ चे नियम आल्यावर ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्रानं ४७ हजार ४३६ कोटी रुपये राज्यांना दिले. मध्य प्रदेशच्या वाट्याला ५,१९६ कोटी ६९ लाख आले, महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८४४ कोटी २४ लाख. सातपुड्याच्या दोन्ही उतारांवरच्या जंगलांसाठी ही रक्कम लहान नव्हे.

या निधीचा इतिहास मात्र काळजी वाढवणारा आहे. महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये देशभराचा हिशेब तपासला. वनाच्या बदल्यात १ लाख ३ हजार हेक्टरहून अधिक वनेतर जमीन मिळायला हवी होती, मिळाली २८ हजार हेक्टर. त्यातही झाडं लावली गेली ती सुमारे ७ हजार २८० हेक्टरवर. फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्तराखंड विधानसभेत मांडलेल्या अहवालात तर या निधीतून आयफोन, लॅपटॉप, फ्रीज घेतल्याचं पुढे आलं. तिकडच्या वहीतही हा सगळा 'हरित खर्च' म्हणूनच लिहिला गेला असणार.

लेबल लावून भागेल का?

विखुरलेला पैसा एका ठिकाणी दिसावा म्हणून काही ठिकाणी 'हवामान अर्थसंकल्प' सुरू झाले आहेत. ओडिशानं २०२०-२१ पासून प्रत्येक योजनेला हवामानाच्या दृष्टीनं खूण लावायला सुरुवात केली. मुंबई महापालिकेनं २०२४-२५ साठी पहिला हवामान अर्थसंकल्प काढला. ३१ हजार ७७५ कोटींच्या भांडवली खर्चापैकी सुमारे १० हजार २२४ कोटी, म्हणजे ३२ टक्के, हवामानाशी जोडलेले असल्याचं त्यात दाखवलं.

हे पाऊल चांगलंच आहे. कुठला पैसा कुठे आहे, हे तरी कळतं. पण खूण लावणं म्हणजे काम होणं नव्हे. एखाद्या मोठ्या प्रकल्पाचा थोडासा भाग हवामानाच्या उपयोगाचा असला, तरी सगळी रक्कम त्या रकान्यात टाकण्याचा मोह असतोच. हा मोह फक्त आपल्याकडे नाही. श्रीमंत देश गरीब देशांना हवामान निधी देतात, त्याचा रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं २०२३ मध्ये माग काढला. तेव्हा इटलीनं आशियातल्या चॉकलेट-आइस्क्रीमच्या दुकानांना दिलेला पैसा आणि जपाननं बांगलादेशातल्या कोळसा वीजप्रकल्पाला दिलेलं कर्जही 'हवामान मदत' म्हणून दाखवल्याचं निघालं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हा प्रकार जगभर चालतो.

आता पाळी तापीची

आता परत तापीकडे येऊ. महापुनर्भरण प्रकल्पात एकूण ३१.१३ टीएमसी पाणी वापरण्याचं ठरलं आहे. त्यातलं ११.७६ टीएमसी मध्य प्रदेशला आणि १९.३६ टीएमसी महाराष्ट्राला. मध्य प्रदेशात १ लाख २३ हजार हेक्टर आणि महाराष्ट्रात २ लाख ३४ हजार हेक्टरहून जास्त क्षेत्राला लाभ होईल, असं सांगितलं गेलं. सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा पट्टा पाणी जिरवायला उत्तम, पण रावेर-यावलपासून बुऱ्हाणपूरपर्यंतच्या केळीच्या पट्ट्यात विहिरी आणि कूपनलिका दरसाल खोल चालल्या आहेत. पलीकडे अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्याला गोड्या पाण्याची आस आहे. गरज खरी आहे, यात वाद नाही.

वाद मोजपट्टीचा आहे. आणि याबाबत महाराष्ट्राला घरचाच अनुभव आहे. जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३३ कोटी ७५ लाख रुपये खर्च झाले. २०२० मध्ये आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालानं नोंदवलं, की एवढं होऊनही गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात फारसं यश आलं नाही. त्यावरून राजकारण बरंच रंगलं. पण मूळ अडचण राजकीय नव्हती. किती बंधारे बांधले, किती नाले खोल केले, याचे आकडे रोज येत होते. विहिरीत पाणी किती वर आलं, हा आकडा शेवटी विचारला गेला.

तापीच्या बाबतीत हा क्रम उलटा करता येईल. त्यासाठी कुदळ पडण्याआधीच दोन्ही राज्यांकडून काही गोष्टी लेखी मागून घ्याव्या लागतील.

एक, आजची स्थिती. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. लाभक्षेत्रातल्या अशा प्रत्येक विहिरीची आजची नोंद गावाच्या नावासह जाहीर व्हावी. बुऱ्हाणपूर-खंडव्याच्या बाजूलाही तसंच व्हावं. आज पाणी किती खोल आहे हे लिहून ठेवलं नाही, तर दहा वर्षांनी ते वर आलं की नाही हे कोण सांगणार?

दोन, पैशाचा पत्ता. दोन राज्यं आणि केंद्र मिळून हा पैसा येणार. कुणाचा किती, कुठल्या लेखाशीर्षाखाली, कुठल्या वर्षी, हे एका ठिकाणी मराठीत आणि हिंदीत दिसलं पाहिजे. मंजूर, वर्ग झालेला आणि प्रत्यक्ष कामावर लागलेला, असे तीन आकडे वेगवेगळे.

तीन, बिलाबाहेरचा खर्च. किती जंगल जाणार, किती गावं हलणार, त्या बदल्यात झाडं कुठे लागणार आणि ती जगली की नाही हे कोण तपासणार, हे आधी कळायला हवं. गोदामातला कचरा मोजून जमिनीतलं विष सोडून दिलं, तशी गत इथे नको.

चार, उशिराची किंमत. काम लांबलं तर वाढलेला खर्च का वाढला, याचं उत्तर दरवर्षी विधानसभेत द्यावं लागेल, अशी तरतूद हवी.

यातलं काहीच नवीन नाही. गावातला शेतकरी विहीर खोदायला मजूर लावतो तेव्हा हात मोजून पैसे देतो, पण पाणी लागलं का हे आधी विचारतो. सरकारी विहिरीला मात्र आपण फक्त हात मोजतो.

भोपाळमध्ये गोदाम रिकामं झालं, ही चांगलीच गोष्ट आहे. तिथल्या लोकांनी त्यासाठी वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. पण पुढची लढाई मातीची आणि पाण्याची आहे, तिच्यासाठी किती पैसा लागेल आणि तो कोण देईल, हे अजून ठरायचं आहे. त्या वस्त्यांतल्या हातपंपाचं पाणी ज्या दिवशी तपासणीत निर्धोक ठरेल, त्या दिवशी भोपाळवरचा खर्च पूर्ण झाला असं म्हणता येईल. तोवर खर्च झाला, एवढंच खरं.